विकत घेतलेला खेळ आणि विक्रेत्याचे कुलूप

मुंबईची हद्द ओलांडून उत्तरेकडे निघाल्यावर दहिसर टोलनाक्याच्या परिसरात लागणारा पेणकरपाडा ही मीरा रोडच्या पूर्वेकडील एक वस्ती असून, मिठागरे, भातशेती आणि खाडी यांवर जगत आलेल्या ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्याचे शहर होण्याची प्रक्रिया १९८५ साली मीरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाल्यानंतर विलक्षण वेगाने घडली. १९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख होती. २००१ मध्ये ती पाच लाख वीस हजारांवर पोहोचली, पुढच्याच वर्षी नगरपरिषदेची महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेने आठ लाख नऊ हजारांची नोंद केली. ज्या दोन दशकांत ही वाढ झाली, नेमकी तीच दोन दशके मध्यमवर्गीय घरात संगणक शिरण्याची आहेत. मुंबईत घर परवडत नाही म्हणून पश्चिम रेल्वेच्या मार्गाने वर सरकलेल्या कुटुंबांनी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडून घेतलेला संगणक मुलांच्या अभ्यासासाठी म्हणून घेतला आणि त्याच्या मागोमाग संगणकावरील खेळ आले. त्या खेळांबरोबर आणखी एक गोष्ट आली, जिची दखल महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात जवळजवळ घेतली गेलेली नाही, ती म्हणजे नक्कल रोखणारी सॉफ्टवेअर-व्यवस्था. पुढे तिला डिजिटल राइट्स मॅनेजमेंट, संक्षेपाने डीआरएम, असे नाव मिळाले. खेळाची प्रत विकल्यानंतरही ती कोणी, कोठे, किती वेळा आणि किती काळ वापरायची याचा ताबा प्रकाशकाच्या हाती ठेवणारी तांत्रिक यंत्रणा, असे तिचे थोडक्यात वर्णन करता येईल.

या यंत्रणेचे पहिले रूप कागदी होते. १९८० च्या दशकात खेळ फ्लॉपीवर येत आणि फ्लॉपीची नक्कल करणे कोणालाही जमत असल्याने, प्रकाशकांनी खोक्यातील छापील पुस्तिकेलाच किल्ली बनवले. जॉर्डन मेकनर यांनी रचलेल्या आणि १९८९ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या आयबीएम पीसीवरील आवृत्तीत पहिली पातळी संपल्यावर खेळाडू एका दालनात येई, तेथे अक्षरे लिहिलेल्या अनेक कुप्या मांडलेल्या असत आणि पुस्तिकेच्या अमुक पानावरील, अमुक ओळीतील, अमुक शब्दाचे पहिले अक्षर असलेली कुपी पिण्यास सांगितले जाई. पुस्तिका नसलेल्याने चुकीची कुपी प्यायली की खेळ तेथेच संपे. पुस्तिकेची झेरॉक्स काढली की हा उपाय निकामी होतो, हे लक्षात आल्यावर ‘सिमसिटी’च्या प्रकाशकांनी सांकेतिक चिन्हे गडद लाल कागदावर काळ्या शाईने छापली, जेणेकरून झेरॉक्स यंत्रात त्यांचा नुसता काळा डाग उमटावा. तो कागद डोळ्यांनीही धड वाचता येत नसे, आणि हा त्रास पैसे मोजून खोके घेतलेल्याच्याच वाट्याला येई, कारण चोरट्या प्रतीतून ती पायरी काढूनच टाकलेली असे. भारतात बहुतेकांनी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ पाहिला तो अशाच हातोहात फिरलेल्या फ्लॉपीवर. प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या वाट्याला अधिक त्रास आणि फुकट्याच्या वाट्याला कमी, ही या साऱ्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसणारी रचना पहिल्याच टप्प्यात तयार झाली होती.

मराठी वाचकाला या प्रकारच्या कुलपाची ओळख खेळांच्याही आधी दुसऱ्या एका व्यवसायात झाली होती, हे येथे नोंदवले पाहिजे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’ आणि पुण्यातीलच सी-डॅकची ‘आयएसएम’ ही मराठी अक्षरजुळणीची सॉफ्टवेअरे डोंगलसह, म्हणजे संगणकाच्या मागील पोर्टमध्ये बसवायच्या एका लहानशा हार्डवेअर लॉकसह, विकली जात. डीटीपी करणाऱ्यांच्या बोलीत ते नुसते ‘लॉक’. ते जागेवर नसेल तर सॉफ्टवेअर चालू होत नसे. सुरुवातीच्या काळात ते प्रिंटरच्याच पोर्टमध्ये बसे आणि प्रिंटरची केबल त्याच्या पाठीवर लावावी लागे. ते बिघडले, हरवले किंवा नव्या संगणकाला जुन्या पद्धतीचे पोर्टच नसले, तर रीतसर पावती असलेल्या छापखान्याचेही काम अडे. तरीही या डोंगलमध्ये एक सचोटी होती, असे म्हणणे भाग आहे. वस्तू हातात असे, ती एका यंत्रातून काढून दुसऱ्यात लावता येई, आणि ती विकणारी कंपनी पुढेमागे बंद पडली तरी तिच्यावाचून लॉक उघडत राही. खेळांच्या बाबतीत नंतर जे घडले त्यात या तिन्ही गोष्टी एकेक करून गेल्या.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सीडी आली आणि तिच्यासोबत सीडी लिहिणारी यंत्रेही स्वस्त झाली. लॅमिंग्टन रोड, मनीष मार्केट आणि हाजी अलीचे हीरा पन्ना ही मुंबईची ठिकाणे याच काळात चोरट्या सीडींसाठी प्रसिद्ध झाली, आणि उपनगरांत हा व्यापार स्थानकांबाहेरच्या पदपथांवर पसरला. हजार-दीड हजार रुपयांना मिळणारा खेळ प्लास्टिकच्या पातळ पाकिटात शंभर-दीडशे रुपयांत मिळे. किमतीतील हा फरक पायरसीचे मोठे कारण होता यात शंका नाही, पण एकमेव कारण नव्हता. मॅक्रोव्हिजनचे ‘सेफडिस्क’ आणि सोनी डीएडीसीचे ‘सिक्युरॉम’ या दोन प्रणाली तेव्हा बहुतेक मोठ्या खेळांवर असत, आणि त्यांचे काम कसे चाले ते जवळून पाहिले की ग्राहकाच्या वैतागाचे मूळ कळते. खेळ हार्ड डिस्कवर पूर्ण उतरवलेला असला तरी सुरू करताना मूळ सीडी ड्राइव्हमध्ये असलीच पाहिजे, असा दंडक असे. सेफडिस्क त्या सीडीवर मुद्दाम सदोष किंवा वाचण्यास अवघड ठेवलेले भाग तपासे, तर सिक्युरॉम सीडीवरील माहितीची प्रत्यक्ष जागा आणि तिच्यातील अंतरे मोजे, कारण साध्या सीडी-रायटरला या खुणा जशाच्या तशा उतरवता येत नसत. परंतु मुद्दाम ठेवलेला दोष आणि वापराने पडलेला ओरखडा यांतील फरक स्वस्तातल्या ड्राइव्हला दर वेळी कळत नसे. मग ड्राइव्ह घरघरत राही, पडदा काळा होई आणि मूळ सीडी घालण्याची सूचना झळके, मूळ सीडी आत फिरत असताना. मुंबई परिसरातील दमट हवेत सीडीवर बुरशी धरते, मुलांच्या हाताळण्याने तिच्यावर चरे उमटतात, आणि अशी सीडी वाचेनाशी झाली की पूर्ण पैसे भरून घेतलेला खेळ हार्ड डिस्कवर असूनही मृतवत होई. पदपथावरच्या प्रतीत ही तपासणीच नसे. म्हणूनच रीतसर खोके घेतलेले कितीतरी लोक त्या खोक्यातील सीडी कपाटात ठेवून, तपासणी वगळणारी ‘नो-सीडी’ फाइल इंटरनेटवरून उतरवत आणि तिच्याबरोबर कधी कधी व्हायरसही घरात घेत.

राज्यसंस्थेने या प्रश्नाकडे पाहिले ते केवळ चोरीचा प्रश्न म्हणून. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती करून कलम ६३ब घालण्यात आले आणि संगणकीय प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस आणि कमाल तीन वर्षे कैद, तसेच पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा ठरली. महाराष्ट्राने २००९ साली झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांचे गुन्हेगार यांच्याविरुद्धच्या एमपीडीए कायद्याच्या कक्षेत व्हिडिओ पायरसी करणाऱ्यांनाही आणले आणि त्यांना स्थानबद्ध करण्याची वाट मोकळी केली. या कायद्यांमागील चिंता खोटी नव्हती, कारण बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्सच्या अंदाजानुसार २००९ मध्ये भारतात वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी ६५ टक्के विनापरवाना होते. पण विकणाऱ्याने विकलेल्या मालात ग्राहकाविरुद्ध काय काय घालावे यावर कोणतीही मर्यादा त्या काळातील कायद्यांनी घातली नाही, ही उणीव इतिहासकाराला नजरेआड करता येत नाही.

त्या उणिवेचा फायदा प्रकाशकांनी घेतला. रशियात तयार झालेल्या ‘स्टारफोर्स’ने खेळासोबत संगणकात स्वतःचा ड्रायव्हर बसवण्यास सुरुवात केली. ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याशी, सर्वाधिक अधिकारांनिशी चालणारा प्रोग्रॅम. तो खेळ काढून टाकल्यावरही मागे राही, आणि संगणक बिघडल्याच्या तक्रारींनंतर युबिसॉफ्ट या प्रकाशक कंपनीने २००६ साली स्टारफोर्सचा त्याग केला. त्यानंतर २००८ च्या सप्टेंबरात इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ‘स्पोर’ हा खेळ सिक्युरॉमच्या नव्या रूपासह आणला, ज्यात एक प्रत केवळ तीन वेळा सक्रिय करता येई. हार्ड डिस्क बदलली, विंडोज पुन्हा टाकले, की एक संधी खर्ची पडे. तीन संपल्या की ग्राहकाने कंपनीकडे विनवणी करायची. ज्या घरांत संगणक सुट्या भागांनी जोडलेला असतो आणि दर वर्ष-दोन वर्षांनी त्यातील एखादा भाग बदलतो, तेथे या अटीचा अर्थ किती जाचक होता हे निराळे सांगण्याची गरज नाही. अ‍ॅमेझॉनवर संतप्त खरेदीदारांनी हजारोंच्या संख्येने एक ताऱ्याचे अभिप्राय नोंदवले, अमेरिकेत खटला दाखल झाला, कंपनीने मर्यादा तीनवरून पाचवर नेली. आणि इतके करूनही टॉरेंटफ्रीक या संकेतस्थळाच्या गणनेप्रमाणे त्या वर्षी सर्वाधिक चोरला गेलेला खेळ ‘स्पोर’च ठरला, सुमारे १७ लाख डाउनलोडसह. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचे याहून स्पष्ट उदाहरण संगणकाच्या इतिहासात शोधावे लागेल.

कुलूप सीडीवरून इंटरनेटवर सरकले तेव्हा भारतातील ग्राहकाची अडचण पाश्चात्त्य ग्राहकाहून वेगळ्या जातीची झाली. व्हॉल्व्ह कंपनीने २००३ मध्ये स्टीम ही इंटरनेटवरून खेळ पुरवणारी सेवा सुरू केली आणि नोव्हेंबर २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ बाजारात आणताना, दुकानातून डिस्क घेतलेल्यालाही तो इंटरनेटवरून सक्रिय करून घेणे बंधनकारक केले. त्याच वर्षी भारताच्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँडची किमान मर्यादा ठरवले होते, आणि तोही प्रत्यक्ष घरात पोहोचायला वेळ लागला. उपनगरांत एमटीएनएलच्या तारेला पर्याय होता तो केबलवाल्याच्या इंटरनेटचा, जो पावसात हमखास तुटे. मार्च २०१० मध्ये युबिसॉफ्टने ‘असॅसिन्स क्रीड २’ साठी संपूर्ण खेळभर इंटरनेट जोडणी सलग चालू असली पाहिजे अशी अट घातली. एकट्याने खेळायच्या या खेळात तार तुटली की खेळ जागच्या जागी थांबे. त्याच महिन्यात कंपनीचे सर्व्हर कोलमडले आणि जगभरातील पैसे भरलेले खेळाडू बाहेर राहिले. पॅरिस वा लंडनमध्ये जे अपवाद म्हणून घडले, ते मीरा रोडच्या ग्राहकासाठी पावसाळ्याचा नित्यक्रम ठरणार होते. विशेष म्हणजे याच कंपनीने २००८ साली नवा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ पीसीवर कोणत्याही डीआरएमविना विकून पाहिला होता, आणि त्याच वर्षी पुण्यात आपला स्टुडिओही सुरू केला होता.

डिस्क विकत घेऊनही डाउनलोड चुकत नसे, हा पुढचा टप्पा. ब्रॉडबँडची किमान मर्यादा पुढे ५१२ केबीपीएस झाली आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ पीसीवर आला तो सात डीव्हीडींवर, साठएक जीबीचा. त्या किमान वेगाने ही माहिती उतरवायची झाल्यास, तार एकदाही न तुटता, जवळजवळ अकरा दिवस लागले असते. या खेळाने निदान डिस्क तरी दिल्या. इतर अनेक खोक्यांत तेव्हा एका कागदावर छापलेला, खेळ सक्रिय करण्याचा सांकेतिक क्रमांक आणि अपुरी डिस्क एवढेच असे, आणि उरलेला खेळ ग्राहकाने स्वतःच्या डेटा मर्यादेतून आणायचा असे.

गेमिंग कॅफेंच्या इतिहासाला या बदलाने दिलेला धक्का स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. मुंबई-ठाण्याच्या सायबर कॅफेंमध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ आणि ‘डोटा’ रुजले ते लॅनमुळे, म्हणजे एकाच खोलीतील संगणक केबलने परस्परांना जोडून इंटरनेटविना एकत्र खेळण्याच्या सोयीमुळे. तासाला काही रुपये देऊन दहा मुले समोरासमोर बसून खेळत, आणि ज्यांच्या घरी संगणक नव्हता त्यांनाही या खेळांचे दार तेथे उघडे. प्रती बहुधा चोरट्या असत, हे सत्य लपवण्याचे कारण नाही. पण २०१० च्या जुलैमध्ये ब्लिझर्डने ‘स्टारक्राफ्ट २’ मधून लॅनची सोयच काढून टाकली, तेव्हा शेजारी बसलेल्या दोघांनाही परदेशातील सर्व्हरमार्फतच एकमेकांशी खेळावे लागले, मग प्रत्येकाने आपली प्रत रीतसर घेतलेली का असेना. पायरसी रोखण्याच्या नावाखाली खेळण्याची एक अख्खी सामाजिक पद्धत मोडीत निघाली, आणि हे नुकसान डिस्कच्या ओरखड्याहून मोठे होते.

प्रकाशकांची बाजू न मांडणे अन्यायाचे ठरेल. पीसीवरील खेळाची बहुतांश विक्री पहिल्या काही आठवड्यांत होते, शेकडो माणसांची तीन-चार वर्षांची मेहनत त्या आठवड्यांवर अवलंबून असते, आणि तेवढा काळ जरी नक्कल रोखता आली तरी खर्च भरून निघतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तो पोकळ नाही. भारतातील लहान स्टुडिओंनाही चोरीची झळ बसतेच. मात्र पायरसीने पोखरलेल्या बाजारात दुसरा मार्ग यशस्वी झाल्याचा पुरावाही उपलब्ध आहे. वॉर्साच्या संगणक-बाजारातून उभ्या राहिलेल्या सीडी प्रोजेक्टने १९९९ साली ‘बाल्डर्स गेट’ची पोलिश आवृत्ती विकताना, चोरट्या प्रतीत मिळणार नाही असा नकाशा, पुस्तिका आणि उत्तम भाषांतर खोक्यात घातले. याच कंपनीने २००८ मध्ये जीओजी हे डीआरएमविना खेळ विकणारे दुकान उघडले आणि २०११ मध्ये ‘द विचर २’ च्या डिस्कवरील सिक्युरॉम प्रकाशनानंतर काही दिवसांतच पॅचने काढून टाकले. भारतातही चोरट्या सीडीचा धंदा बसला तो मुख्यतः किमती आणि सोय बदलल्यामुळे. वितरकांनी पीसी खेळ ४९९ आणि ९९९ रुपयांपर्यंत खाली आणले, नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीमने रुपयांत किमती लावल्या, आणि पदपथावरच्या पाकिटाला प्रथमच खराखुरा प्रतिस्पर्धी मिळाला. कोणत्याही कुलपाला जे साधले नव्हते ते वाजवी दराने साधले.

तरी कुलपे गेली नाहीत. २०१४ पासून ऑस्ट्रियातील डेनुव्हो कंपनीची प्रणाली मोठ्या खेळांवर आली. खेळाच्या आज्ञावलीतील काही भाग गुंतागुंतीच्या आवरणात लपवून, तो विशिष्ट संगणकाच्या हार्डवेअरशी बांधणे हे तिचे काम. त्यासाठी लागणारी प्रक्रिया ग्राहकाच्याच प्रोसेसरला करावी लागते. २०२१ मध्ये कॅपकॉमचा ‘रेसिडेंट इव्हिल व्हिलेज’ मध्येच अडखळतो अशी तक्रार होती. कुलूप तोडलेली प्रत त्याच जागी सुरळीत चालते हे चाचण्यांत दिसले, आणि जुलैमध्ये कंपनीला पीसी आवृत्तीसाठी सुधारणा द्यावी लागली. महागडा, वेगवान प्रोसेसर ज्याला परवडत नाही अशा ग्राहकाला हा प्रोसेसरवरचा बोजा सर्वाधिक जाणवतो.

भारतीय कायद्याने या विषयाला प्रथम स्पर्श केला तो २०१२ च्या दुरुस्तीत, आणि तो आश्चर्यकारक समंजसपणाने केला. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए कायद्याने डिजिटल कुलूप तोडणे हेच मुळात बेकायदा ठरवले होते. भारताच्या कलम ६५अ ने मात्र हक्कभंगाच्या इराद्याने कुलूप तोडणाऱ्यालाच दोन वर्षांपर्यंत कैद व दंड अशी शिक्षा ठेवली, आणि कायद्याने स्पष्टपणे न रोखलेल्या कारणासाठी, सुरक्षा चाचणीसाठी किंवा वापरकर्त्यावर पाळत ठेवणारी यंत्रणा निकामी करण्यासाठी केलेली कृती वगळली. रीतसर प्रत असलेल्याला खबरदारी म्हणून जादा प्रत करण्याची मुभा कलम ५२ मध्ये आधीपासूनच होती. म्हणजे ओरखडा पडलेल्या स्वतःच्या सीडीसाठी नो-सीडी फाइल वापरणाऱ्या माणसाकडे गुन्हेगार म्हणून पाहण्याची इच्छा संसदेची नव्हती. दुर्दैवाने ही मुभा नकारार्थी आहे: ग्राहकाने कुलूप उघडले तर शिक्षा नाही, पण विक्रेत्याने ते उघडून दिलेच पाहिजे असे बंधनही नाही.

आणि आजचा खरा प्रश्न तेथेच येऊन ठेपतो. २०१५ मध्ये विंडोज १० ने सेफडिस्कच्या ड्रायव्हरला सुरक्षेच्या कारणास्तव थारा नाकारला आणि त्याच सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमध्येही तो बंद केला. शेकडो खेळांच्या मूळ, निर्दोष सीडी त्यामुळे एका फटक्यात नव्या संगणकांवर निरुपयोगी झाल्या, तर त्यांच्या चोरट्या प्रती आजही चालतात. ३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या २०१४ च्या मोटार शर्यतीच्या खेळाचे सर्व्हर बंद केले आणि ज्यांनी तो विकत घेतला होता त्यांच्याकडे न चालणारी फाइल उरली. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ चळवळीच्या युरोपीय संघापुढील मागणीवर २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियाच्या २०२४ च्या कायद्याने, ग्राहकाला मालकी नव्हे तर केवळ परवाना मिळत असेल तर तसे विक्रीच्या वेळी स्पष्ट सांगण्याची सक्ती केली. भारतात खेळ विकणाऱ्यांवर असे कोणतेही बंधन नाही. संसदेने कलम ६५अ ला जोडून दोन तरतुदी कराव्यात: सक्रिय करण्याच्या अटी आणि सर्व्हरची किमान मुदत किमतीच्या शेजारी छापली जावी, आणि प्रकाशक सर्व्हर बंद करील त्या दिवशी कुलूप काढणारी अखेरची सुधारणा देणे त्याच्यावर बंधनकारक असावे. रुपये मोजून खेळ घेणाऱ्या ग्राहकांनी आपल्या खासदारांकडे आणि ग्राहक आयोगाकडे ही मागणी आता लेखी करावी.